हाताला मानवेल ते हत्यार

सुरत हे हातांचे शहर आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पडतात ते या शहरातील कारागिरांच्या बोटांखाली. जरीचे काम येथे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस ऐकू येतो. या मागांच्या आधाराने राहणारी कित्येक कुटुंबे आपल्या धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. भुसावळहून येणाऱ्या ताप्ती लाइनच्या गाडीने ती आली आणि येथेच स्थिरावली. त्यांच्या घरांत अहिराणी बोलली जाते, मुले गुजरातीत भांडतात, आणि सुटी लागली की सर्व देशांतील मुले जे करतात तेच तीही करतात : खेळतात.

अशाच एका उन्हाळ्याच्या दुपारी उधन्यातील दोन खोल्यांच्या घरात आम्ही बसलो होतो. थोरला मुलगा सोळा वर्षांचा. त्याने साठवलेल्या पैशांतून कोणाचा तरी जुना एक्सबॉक्स वन विकत आणला होता. सोबत दोन कंट्रोलर. धाकटा नऊ वर्षांचा. त्याचा उजवा हात जन्मापासून थोडा दुबळा. मूठ पुरती वळत नाही आणि तर्जनीत जोर नाही. दोघे भाऊ मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळू लागले. धाकट्याची गाडी सुरू होई, थांबे, पुन्हा सुरू होई. दोन शर्यती झाल्यावर त्याने कंट्रोलर हळूच चटईवर ठेवला आणि म्हणाला, "दादा, तूच खेळ. माझा हातच वाईट आहे."

रात्रपाळी करून आलेले त्याचे वडील भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते काही बोलले नाहीत. पण ते जागे होते हे आमच्या ध्यानात आले.

त्या मुलाचे ते वाक्य घरी परतल्यावरही मनातून जाईना. हात खरोखर वाईट होता काय? की हातात दिलेली वस्तू त्या हातासाठी घडवलेलीच नव्हती? वाचकहो, प्रश्न वाटतो तितका लहान नाही. म्हणून या खेळण्याचा, म्हणजे व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरचा, इतिहास थोडा चाळून पाहावा असे ठरवले; आणि जे हाती लागले ते आपणांपुढे मांडीत आहे.

जात्याचा खुंटा आणि खेळाची खुंटी

कंट्रोलर म्हणजे काय हे आजींनाही कळावे अशा रीतीने सांगतो. पडद्यावरच्या मोटारीला किंवा माणसाला हुकूम द्यावयाचे साधन म्हणजे कंट्रोलर. तो दोन्ही हातांत धरावयाचा. वरच्या बाजूस अंगठ्यांसाठी बटणे व दोन लहान खुंट्या असतात. त्यांना 'स्टिक' म्हणतात. पुढच्या अंगास, तर्जनी जेथे सहज पोहोचते तेथे, बंदुकीच्या चापासारखे दोन चाप असतात. आपल्याकडची मुले यालाच कधी 'रिमोट' म्हणतात, तर कधी 'जॉयस्टिक'.

आता घरातील जुने जाते आठवा. त्याचा खुंटा नवा असताना तळहाताला लागे. वर्षानुवर्षे दळण झाले की तो गुळगुळीत होई आणि घरच्या बाईच्या मुठीचा आकार जणू त्याच्यात उतरे. विळ्याची मूठ, कुऱ्हाडीचा दांडा, सुताराचा रंधा यांचेही तसेच. 'हे हत्यार माझ्या हाताला बसले आहे,' असे कारागीर म्हणतो तेव्हा त्यात हाताची स्तुती नसते, हत्याराची असते. जी वस्तू कारखान्यात लाखांनी तयार होते तिला मात्र एकेका हाताशी झिजून जुळण्याची सवड नसते. तेथे आधी कोणाचा तरी हात मोजावा लागतो. कोणाचा हात मोजला, यावरच पुढचे सारे अवलंबून राहते.

पहिली तक्रार कोपराची

हाताच्या सुखाचा प्रश्न या खेळांच्या जन्मापासूनच आहे. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने १९५८ साली पाहुण्यांच्या करमणुकीसाठी टेनिसचा एक खेळ मांडला. तो खेळण्यासाठी हातात धरावयाची एक पेटी, तिच्यावर फिरवावयाचा एक गोल खटका व एक बटण होते. पुढे १९६२ साली एम.आय.टी. या विद्यापीठातील स्टीव्ह रसेल व त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा अवकाशयानांच्या लढाईचा खेळ तयार केला. प्रारंभी तो संगणकाच्याच फळीवरील खटके वरखाली करून खेळावा लागे. ते खटके खेळण्यासाठी नव्हतेच. तासन् तास तसे खेळून खेळणाऱ्यांची कोपरे दुखू लागली. तेव्हा खेळण्यातील आगगाड्यांचा छंद असलेल्या तेथील मंडळातील ॲलन कोटोक व बॉब साँडर्स यांनी लाकूड व बेकेलाइट वापरून वेगळ्या पेट्या केल्या, आणि खेळाचे खटके हातात घेता येऊ लागले. वेदनेची तक्रार आली, तिची थट्टा झाली नाही, आणि त्यातून नवी वस्तू जन्मली. पुढील साठ वर्षांचा इतिहास याच एका घटनेची आवृत्ती आहे, असे म्हणावयास हरकत नाही. फरक इतकाच की तक्रार प्रत्येक वेळी इतक्या लवकर ऐकली गेली नाही.

१९७७ साली अटारी कंपनीचा खेळ घरोघरी आला. त्याची चौकोनी पेटी डाव्या हातात धरावयाची, डाव्या अंगठ्याने एकुलते एक बटण दाबावयाचे आणि उजव्या हाताने मधला दांडा हलवावयाचा. दांडा ताठ, थोड्याच वेळात मनगट भरून येई. १९८२ साली जपानमधील निन्टेंडो कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी एका घडीच्या खिशातल्या खेळासाठी दांड्याऐवजी अधिक-चिन्हाच्या आकाराचे एक चपटे बटण योजले. दांडा घडीत मावत नव्हता, ही अडचण. पण लाभ झाला तो अंगठ्याचा. खाली न पाहता केवळ स्पर्शाने त्याला चार दिशा कळू लागल्या, आणि मनगटाचे काम हलके झाले. दिशा डाव्या हाताकडे व बटणे उजव्या हाताकडे, ही आजची वाटणीही याच कंपनीच्या खेळांमुळे रूढ झाली.

अंगठ्याचे दुखणे आणि मुठीचा शोध

त्या काळचा निन्टेंडोचा कंट्रोलर मात्र साबणाच्या वडीसारखा चौकोनी होता. १९९०च्या दशकात आपल्याकडे कॅसेट घालून खेळावयाचे जे स्वस्त टी.व्ही. गेम आले त्यांचे कंट्रोलर बव्हंशी याच घडणीचे. आज चाळिशीत असलेल्या कित्येक वाचकांना त्याच्या कडा तळहातात रुतत असत हे आठवेल. त्याचे कोपरे धरावयासाठी नव्हतेच. ते केवळ साच्यातून तसे निघाले होते.

१९९० साली अमेरिकेतील वैद्यकांच्या एका नामांकित नियतकालिकात एक छोटे पत्र प्रसिद्ध झाले. आपल्या मुलाला नाताळात मिळालेला खेळ सलग पाच तास खेळून एका ३५ वर्षांच्या बाईंचा अंगठा विलक्षण दुखू लागला होता. पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरांनी त्या दुखण्याला गमतीने 'निन्टेंडिनायटिस' असे नाव दिले. दुखणे तसे जुनेच. अंगठा उचलणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या कडेला एका अरुंद नळीतून जातात. अंगठा पुनःपुन्हा ताणला गेला की ती नळी जाड होते आणि प्रत्येक हालचालीला कळ येते. फ्रिट्झ डी क्वेर्वेन या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली त्याचे वर्णन केले होते. तान्ह्या बाळाला काखेत हात घालून वारंवार उचलणाऱ्या मातांना हे दुखणे पुष्कळदा होते. म्हणजे आई आणि खेळणारा मुलगा यांचे दुखणे एकच असू शकते; आईचे मात्र कोणी पत्र छापीत नाही!

१९९० सालीच जपानमध्ये निन्टेंडोचा पुढचा कंट्रोलर आला. त्याच्या दोन्ही बाजू गोल झाल्या, चार बटणे पत्त्यांतल्या चौकटीसारखी मांडली गेली, आणि तोवर रिकाम्या राहिलेल्या तर्जनींना वरच्या कडेवर दोन बटणे मिळाली. अंगठ्याच्या डोक्यावरचा भार बोटांनी वाटून घेतला.

परंतु खरी मूठ आली ती १९९४ साली, सोनीच्या प्लेस्टेशनबरोबर. तेयू गोतो यांनी त्याला खाली उतरणाऱ्या दोन मुठी दिल्या. कंपनीतील अनेकांना चपटा, ओळखीचा आकारच बरा वाटत होता. परंतु सोनीचे प्रमुख नोरिओ ओगा स्वतः विमान चालवीत. हातातले साधन घट्ट व नैसर्गिकपणे धरता आले पाहिजे हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांनी मुठीचा पक्ष घेतला. त्या मुठीमुळे काय झाले? तोवर कंट्रोलर बोटांच्या टोकांनी धरावा लागे आणि तीच बोटे बटणेही दाबीत. आता करंगळी, अनामिका व मधले बोट धरण्याचे काम करू लागली. अंगठा व तर्जनी खेळावयास मोकळी झाली. पाणी भरलेली कळशी काठाला चिमटीत धरणे आणि काखेत घेणे यांत जितका फरक, तितकाच हा फरक आहे.

मोठ्या कंपन्याही चुकल्या, हे येथे सांगितले पाहिजे. निन्टेंडोच्या १९९६ सालच्या कंट्रोलरला मधोमध एक स्टिक होती. १९९८ साली आलेल्या 'मारिओ पार्टी' या खेळात ती भराभर गोल फिरवावी लागे. मुलांनी ती अंगठ्याऐवजी तळहाताने घासून फिरवली आणि तळहातांना फोड आले. अखेर २००० साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने मुलांना हातमोजे देऊ केले. मायक्रोसॉफ्टचा २००१ सालचा पहिला एक्सबॉक्स कंट्रोलर इतका अवजड होता की जपानसाठी २००२ साली लहान कंट्रोलर वेगळा करावा लागला. पुढे नवल असे घडले की तो लहान कंट्रोलरच अमेरिकेतही लोकांना अधिक आवडला आणि मूळचा मागे पडला. लहान हातांसाठी केलेली सोय मोठ्या हातांनाही मानवली!

कोणता आवडता, आणि का?

आज मुलांना 'तुझा आवडता कंट्रोलर कोणता?' असे विचारले तर वाद सुरू होतो. काहींना एक्सबॉक्सचा आवडतो, काहींना प्लेस्टेशनचा. या आवडीमागे कारणे आहेत, आणि ती घरातील वडीलधाऱ्यांनीही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण अंगठ्याच्या जागेचे. एक्सबॉक्समध्ये डावी स्टिक वर व उजवी खाली असते. प्लेस्टेशनमध्ये दोन्ही खाली, एका रेषेत. मूठ सैल धरून डावा अंगठा सहज टेकवून पाहा. पुष्कळांचा तो वरच्या बाजूसच टेकतो. ज्या खेळांत डावी स्टिक सतत लागते तेथे म्हणून कित्येकांना एक्सबॉक्सची मांडणी सुखाची वाटते. उलट, दोन्ही अंगठे सारखेच चालवणाऱ्यांना प्लेस्टेशनची समान मांडणी आवडते. यात खरे-खोटे काही नाही. ज्याच्या हाताची जशी ठेवण.

दुसरे कारण आकाराचे. तर्जनी चापावर ठेवल्यावर तळहात मुठीला चिकटून राहिला पाहिजे. तळहात सुटत असेल तर कंट्रोलर मोठा आहे. बोटे मुडपून घ्यावी लागत असतील तर लहान. २०२० साली एक्सबॉक्सचा कंट्रोलर पुन्हा घडवताना कंपनीने तो किंचित लहान केला, आणि साधारण आठ वर्षांच्या मुलाच्या हातालाही तो मानवावा असा आपला हेतू असल्याचे सांगितले.

तिसरे कारण वजनाचे. प्लेस्टेशन ५चा कंट्रोलर सुमारे २८० ग्रॅम भरतो. वजन म्हणजे दोषच असे नव्हे. दोन्ही मुठींत सारखे विभागलेले वजन हाताला स्थिर करते. परंतु ते पुढे झुकणारे असेल तर मनगट सतत त्याला सावरीत राहते. म्हणून कंट्रोलर हवेत धरू नये. कोपरे मांडीवर किंवा उशीवर टेकवावीत.

चौथे कारण स्पर्शाचे. सुरतेच्या दमट हवेत तळहात घामाने निसरडा होतो आणि नकळत पकड आवळली जाते. म्हणून मुठीवरचे बारीक ठिपके केवळ शोभेचे नसतात. पकड सैल ठेवूनही वस्तू निसटू नये यासाठी ते असतात. प्लेस्टेशन ५च्या मुठीवरील खडबडीतपणा तर त्रिकोण, वर्तुळ, फुली व चौकोन या तिच्या चार चिन्हांचाच बनलेला आहे, इतकी ती सूक्ष्म आहेत.

पाचवे कारण प्रतिकाराचे. चाप फार सैल असला तर बोट विसावत नाही. फार ताठ असला तर थकते. स्टिकचेही तसेच. ती झिजली की आपोआप एका बाजूला सरकते, आणि अंगठा तिला सतत मागे ओढीत राहतो. घासणाऱ्या पट्टीऐवजी चुंबकाने हालचाल ओळखणाऱ्या स्टिक अशा झिजत नाहीत. १९९८ सालच्या सेगा ड्रीमकास्टमध्ये ही युक्ती होती, आणि आता ती स्वस्त कंट्रोलरांतही येऊ लागली आहे.

यावरून एक ध्यानात येईल : सुख किमतीत नसते. दुकानात गेल्यावर मुलाला कंट्रोलर हातात धरू द्यावा, डोळे मिटून प्रत्येक बटण शोधावयास सांगावे, आणि पाच मिनिटांनी विचारावे, 'कोठे ताण पडतो?' रेडगिअर किंवा कॉस्मिक बाइटसारख्या नावांचा बेताच्या किमतीचा कंट्रोलर एखाद्या हाताला महागड्यापेक्षा अधिक मानवू शकतो. पुष्कळ मुले तर मोबाइलवरच खेळतात. काचेला ना मूठ असते ना कड. दोन अंगठे व दोन तर्जनी पंजासारख्या वाकवून चौघांचे काम त्यांनाच करावे लागते. ब्लूटूथने जोडता येणारा साधा कंट्रोलर अशा मुलाच्या हाताला पुष्कळ आराम देऊ शकतो.

आणि एक गोष्ट उत्तमातला उत्तम कंट्रोलरही करू शकत नाही. तो वेळ मोजीत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने हात सोडून उठणे, बोटे ताणणे, पाणी पिणे हे ज्याचे त्यालाच करावे लागते. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात कळ येत असेल आणि विश्रांतीनेही ती जात नसेल, तर मलमे चोळीत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

ज्या हाताचे माप कोणी घेतले नाही

हे सर्व झाले तरी उधन्यातील त्या नऊ वर्षांच्या मुलाचा प्रश्न शिल्लक राहतोच. दोन्ही हात, दहाही बोटे समर्थ आहेत असे गृहीत धरूनच हे सारे आकार घडले. ज्यांचे तसे नाही त्यांनी काय करावे?

त्याला उत्तर फार उशिरा मिळाले, पण मिळाले. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने 'अडॅप्टिव्ह कंट्रोलर' आणला. तो हातात धरावयाचाच नाही. पाटासारखी एक चपटी पेटी, तिच्यावर तळहाताएवढी दोन मोठी बटणे, आणि मागच्या बाजूस एकोणीस भोके. प्रत्येक भोकात वेगळे बटण जोडता येते : कोपराने दाबावयाचे, पायाने दाबावयाचे, हनुवटीने ढकलावयाचे. त्याचे खोकेदेखील दुबळ्या हाताला उघडता यावे असे बनवले गेले. सोनीने २०२३ च्या डिसेंबरात 'ॲक्सेस' नावाचा गोल कंट्रोलर आणला. त्याची बटणे काढून हवी तशी बसवता येतात आणि तो टेबलावर कोणत्याही दिशेने ठेवता येतो.

अशा वस्तू महाग पडतात. २०१८ साली पहिल्या कंट्रोलरची किंमतच अमेरिकेत सुमारे शंभर डॉलर होती, आणि वरची बटणे निराळी. यंत्रमागावरच्या घराला ती झेपणारी नव्हे. परंतु साध्या कंट्रोलरमध्येही दोन सोयी दडलेल्या असतात, ज्यांना पैसा लागत नाही, आणि ज्या कित्येक घरांना ठाऊक नसतात. एक : बटणांची कामे बदलता येतात. उजव्या बाजूचे काम डाव्या बाजूकडे देता येते. एक्सबॉक्स वन व प्लेस्टेशन ४ या दोहोंत २०१५ पासून ही सोय आहे. निन्टेंडो स्विचमध्ये ती २०२० साली आली. दुसरी : एक्सबॉक्समध्ये २०१७ साली 'को-पायलट' नावाची सोय आली. तिच्यामुळे दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू होतो. एकाच गाडीचे काही काम एकाच्या हाती, काही दुसऱ्याच्या. २०२३ साली प्लेस्टेशन ५मध्येही अशी सोय आली.

पुढच्या वेळी त्या घरी गेलो तेव्हा हे थोरल्याला सांगितले. तो काही बोलण्याआधीच वडील उठून बसले. त्यांनी कंट्रोलर हातात घेतला, उलटा केला, चापावर बोट ठेवून पाहिले. मग कोनाड्यातून आपली कात्री आणली. तुटलेल्या धाग्याची टोके कापावयाची मागावरची लहान कात्री. तिच्या दोन्ही कड्यांभोवती सुती चिंधी घट्ट गुंडाळलेली, घामाने काळी पडलेली. धाकट्याच्या पुढे ती धरून ते म्हणाले, "बारा तास हातात असते. पहिल्या महिन्यात बोटाला घट्टे पडले. मी काय बोट कापून टाकलं? कड्याला चिंधी गुंडाळली. हाताला नाव ठेवू नको, बेटा. हत्यार हाताजोगतं करून घ्यावं लागतं."

त्या दिवशी दुपारभर तिघांनी मिळून खटपट केली. धाकट्याचा कंट्रोलर मांडीवरच्या उशीवर ठेवला, म्हणजे उजव्या हाताला तो पेलावा लागू नये. गाडी वळवावयाची स्टिक डावीकडे होतीच. चापांची अदलाबदल करून गाडी पळवण्याचे कामही डाव्या तर्जनीकडे दिले. राहिला ब्रेक, तो दुसऱ्या कंट्रोलरवर थोरल्याने घेतला. पहिल्या शर्यतीत त्यांची गाडी वळणावर भिंतीत शिरली, कारण थोरल्याने ब्रेक उशिरा दाबला. धाकटा ओरडला, "दादा, तुझं लक्ष कुठंय?" गेल्या खेपेस ज्याने आपल्या हाताला दोष दिला होता तोच आज भावाच्या हाताला दोष देत होता! त्या ओरडण्याने घरात जितका आनंद झाला तितका एखाद्या विजयानेही झाला नसता. आठ गाड्यांत ते सहावे आले. त्यापुढच्या शर्यतीतही सहावेच.

कंट्रोलरच्या उजव्या मुठीवर आता एक सुती चिंधी गुंडाळलेली आहे. धाकट्याची न वळणारी मूठ तिच्यावर नुसती टेकते, घसरत नाही. कोणत्याही कंपनीने ती बसवलेली नाही; पण त्या हाताचे माप घेऊनच ती बसवली आहे.

संध्याकाळी वडील पाळीवर निघाले तेव्हा त्यांनी कात्री खिशात घातली. दारातून मागे वळून धाकट्याने विचारले त्याचे उत्तर त्यांनी दिले. त्याने विचारले होते, "पप्पा, ब्रेकपण डावीकडे घेता येईल का?"

ते म्हणाले, "उद्या बघू. सकाळी आल्यावर."